नगर जिल्ह्याला किनारा आहे! नाथसागराची गोष्ट

आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. पण नेवासा आणि शेवगाव तालुक्यांना किनारा आहे. जायकवाडीच्या नाथसागराचा किनारा. आजचा भाग त्याच्यावर.

धरण पैठणला, गोदावरीवर. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. पाणी अडवलं मराठवाड्यासाठी, पण ते मागे पसरलं आपल्याकडेही. दोन्ही बाजूंची मिळून शंभरावर गावं उठली. गोदाकाठची काळीभोर जमीन पाण्याखाली गेली.

आता मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे थोडं गणित. धरण तुडुंब भरलं की साठा सुमारे 2900 दशलक्ष घनमीटर, पसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर. भागाकार करा. सरासरी खोली जेमतेम 8 मीटर! म्हणजे हा सागर परातीसारखा उथळ आहे. पाणी थोडं जरी उतरलं, तरी काठ लांबवर मागे सरकतो.

याच सरकत्या काठावर लोकांचं पोट आहे. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, तिला म्हणतात गाळपेर. जमीन सरकारची, हंगामापुरती भाड्याने मिळणार. म्हणजे एकेकाळी आजोबांच्या सातबाऱ्यावर असलेली जमीन नातवाने भाडं भरून कसायची! उथळ पाण्यात भोई आणि कहार समाजाचे लोक जाळी टाकतात. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्यही आहे.

पण पाण्यावरून भांडण पेटलं, की हा काठ कुणाच्याच हिशोबात नसतो. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, यावर नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा सामना ठरलेला. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व उचलून धरलं. आपल्याकडे घोषणा असते, 'पाणी सोडू नका'. पण सोडलं नाही, तर नगरचाच नेवासा-शेवगावचा काठ कोरडा पडतो ना!

आता याच पाण्यावर तरंगत्या सोलर पॅनेलचा प्रकल्प ठरलाय. कहार समाजाची संघटना त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, पण 2025 मध्ये तिथेही दिलासा मिळाला नाही. वीज हवीच, वाद नाही. पण कागदावर जे नुसतं 'पाणी' दिसतं, ते कुणाचं तरी शेत असतं, कुणाचं तरी जाळं. आधी गावं उठवताना हे विचारात घेतलं नाही. निदान आता तरी काठावरच्यांना विचारा, एवढंच माझं म्हणणं.

तुमचं गाव बॅकवॉटरला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावठाणाबद्दल नक्की विचारा. आणि त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!