वाड्यातून फ्लॅटमध्ये

पेशवाईतल्या पुण्याच्या वाड्यात सुटे सामान फारसे नसे. बैठकीला गाद्या, लोड आणि तक्के, जेवायला पाट, पूजेला चौरंग, बाकीचे सारे भिंतीतल्या कोनाड्यांत आणि फडताळांत. घराची शोभा इमारतीच्या लाकडातच होती: सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांवर केळफुलांच्या महिरपी आणि माथ्यावर कडीपाट. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात (१८०७) ही घडण अजून पाहता येते. पण अशा दिवाणखान्यांतही परका माल होताच. बंदरांत उतरलेल्या काचेच्या हंड्या, झुंबरे, आरसे आणि घड्याळे सरदारांच्या बैठकींत आली. जुन्या-नव्याची सरमिसळ ही अलीकडची हौस मानली जाते, ते तितकेसे खरे नाही. बदलली ती तिची दिशा. तेव्हा जुन्या घरात नवी वस्तू येई. आज नव्या घरात जुनी वस्तू येते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी शिसवी लाकडाचे दाट कोरीव फर्निचर घडवले. आकार युरोपीय, त्यावरची वेलबुट्टी देशी. पारशी, गुजराती आणि युरोपीय घरांतून त्याला मागणी होती. पुढे ब्रह्मदेशचे सागवान मुंबईच्या वखारींत येऊ लागले. त्या व्यापारासाठी स्थापन झालेली बॉम्बे-बर्मा कंपनी १८६३ची. आज दुकानदार अभिमानाने ‘बर्मा टीक’ म्हणून दाखवतो ते लाकूड असे आले. मराठी मध्यमवर्गाच्या माजघराला याची झळ कमीच लागली. दिवाणखान्यात मात्र बाहेरच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या आणि गोल टेबल आले, आणि भिंतीवर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती. तो छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला. गादी-लोड आणि खुर्च्या एकाच खोलीत बराच काळ सुखाने नांदले.

गोव्याची वाट निराळी. पोर्तुगीज अमलातल्या जमीनदारांच्या घरांत वेताने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या, उंच खांबांचे पलंग आणि शिंपल्यांची तावदाने होती. अशा सामानापैकी बरेचसे नंतर वाटण्यांत आणि विक्रीत विखुरले.

खरा खंड पडला तो १९३०च्या दशकात. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या काठी सिमेंट-काँक्रीटच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले. सुटसुटीत, धूळ न साठवणारे, कमी जागेत मावणारे घर कसे असावे, हे त्यात दाखवले होते. नक्षीदार शिसवी कपाट अशा खोलीत अडगळच ठरणार. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, शहराने टाकलेल्या अशा सामानाला गिऱ्हाईक मिळत राहिले.

पुण्यात ही पडझड उशिरा आणि जोराने झाली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि वाड्याची डागडुजी मालकाला परवडेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात गेले. १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. उरलेल्या वाड्यांच्या जागी हळूहळू सोसायट्या उभ्या राहिल्या. तुळया आणि खांब वखारीत गेले. त्याच सुमारास स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील शिरले. कल्हईची कटकट नको म्हणून पितळी भांडी, आणि त्यांच्याबरोबर बंब, घंगाळे आणि हंडे मोडीत वजनावर विकले गेले. आज बैठकीच्या कोपऱ्यात झाड लावायला मुद्दाम विकत आणलेले घंगाळ एखाद्या आजीने असेच कधीतरी मोडीत घातलेले असावे!

या काळात जुन्या वस्तूंची किंमत ओळखणारे थोडे. त्यांत दिनकर गंगाधर केळकर अग्रगण्य. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून परिचित असलेल्या या गृहस्थांनी दौती, अडकित्ते, दिवे, दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारला दिला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांच्या पुण्यातल्या संग्रहालयात पुन्हा उभारलेले आहेत. राजवाड्यातल्या रत्नांइतकाच स्वयंपाकघरातला झारा जपण्याजोगा असतो, हे मराठी वाचकाला केळकरांनी पटवले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वारे फिरले. पांढऱ्या भिंती आणि गुळगुळीत फरशीच्या फ्लॅटमध्ये एखादी जुनी वस्तू उठून दिसते, हे गृहसजावटकारांच्या ध्यानात आले. दिंडी दरवाजावर काच टाकून जेवणाचे टेबल झाले, तुळईचा बाक झाला, पाटाची भिंतीवरची फळी झाली. झोपाळ्याला मात्र अडचण होती. वाड्यात त्याच्या कड्या जाड तुळईला असत; फ्लॅटमध्ये स्लॅबला भक्कम हुक लावावे लागतात, नाहीतर वेगळा सांगाडा. झुंबराला तर ठेंगण्या छताखाली जागाच नाही. अशा घरात चार वस्तू ठेवल्या तर खोलीला वजन येते, चाळीस ठेवल्या तर तिचेच दुकान होते. वाड्याचे खांब फ्लॅटच्या कोपऱ्यात काहीही न पेलता उभे राहतात, ही या सजावटीतली सर्वांत कृत्रिम गोष्ट.

मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. नव्या लाकडावर रंगरसायने चढवून ते जुने भासवले जाते. अस्सल जुन्या सामानाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला हातकरवतीचे सरळ ओरखडे असतात. यंत्राच्या गोल करवतीचे ओरखडे कमानदार. हात वारंवार लागतो तिथेच लाकूड झिजलेले असते, सगळीकडे सारखे नाही.

१९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, खासगी निर्यातीला बंदी आहे आणि मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी मालकाला करावी लागते. तेव्हा अशी वस्तू घेताना ती कुठून आली ते विचारावे, विक्रेत्याचा परवाना पाहावा आणि पावती जपून ठेवावी.