टेकडीवरचं लॉन आणि रात्री दहाचा कायदा

मित्रहो, पोस्ट लांब आहे. निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. उद्या ही वेळ तुमच्या गल्लीवरही येऊ शकते.

गेल्या लग्नसराईत आपल्याच भागातल्या एका टेकडीखालच्या वस्तीवर गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करणाऱ्या लोकांना तिथंच राहायचंय. पन्नास-साठ घरं, थोडी शेती, टेकडीवर जुनं देवस्थान. आधी रात्री आठनंतर तिथं रातकिडे आणि कुत्री सोडली तर आवाज नव्हता. आता टेकडीवर लॉन झालंय. एका बाजूला मोठं स्टेज, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच साउंडच्या भिंती आणि खाली गाड्यांची रांग.

एक आजोबा म्हणाले, "भाऊ, लगीन आमच्याबी घरी होतंय. नाचतो की आमी. पण आमच्या घरी रोज लगीन असतंय का?"

एवढंच बोलले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. घरी आलो आणि जुनी कात्रणं, निकाल, नियम काढून बसलो. लोकांनी आवाजाविरुद्ध आधी काय काय केलं, कुठं जिंकले, कुठं हरले, ते बघायचं होतं. जे सापडलं ते मांडतो.

आधी एक गैरसमज काढू. "रात्री दहा वाजता बंद" हा नियम कुणा साहेबाच्या मनात आला म्हणून झालेला नाही. त्यामागं सामान्य माणसांची अनेक वर्षांची कोर्टबाजी आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ साली ध्वनिप्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा आवाज हे प्रदूषण आहे म्हटलं की लोक हसायचे. धूर दिसतो, घाण पाणी दिसतं. आवाज बंद झाला की पुरावाही गेला.

पुढं दिल्लीत एक भयंकर घटना घडली. एका १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडली, पण शेजारच्या लाउडस्पीकरच्या दणदणाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यावरून १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. दरम्यान केंद्र सरकारनं फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले. मग १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांच्या पीठानं निकाल दिला. त्यातला गाभा आपल्या बोलीत सांगायचा तर असा: तुम्हाला बोलायचा, वाजवायचा हक्क आहे, पण दुसऱ्याला जबरदस्तीनं ऐकवायचा हक्क नाही.

आता नियम काय म्हणतो ते नीट बघा, कारण यातच गोम आहे.

रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. राहत्या वस्तीत दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री लाउडस्पीकर फक्त बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता चालतो. सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे. लॉन ही उघडी जागा. वर आभाळ आणि चारी बाजूंनी वारा. तिला ही सवलत लागू होत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासाठी, आणि ते दिवस सरकारी आदेशानं ठरतात. तुमच्या पुतण्याची हळद त्यात बसत नाही.

डेसिबलचा हिशेबही वेगळा आहे. ५५ चे ६५ झाले म्हणजे थोडा वाढला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहा पट होते. ४५ च्या जागी ७५ झाला तर हजार पट. टेकडीवर तर आणखी एक गोष्ट घडते. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची हवा त्यामानानं ऊबदार राहते. अशा हवेत वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबवर पोचतो. आपली लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे नेमकी थंडीतच सुरू होते. म्हणून वस्तीतली माणसं "दोन किलोमीटरवरनं शब्द न् शब्द कळतोय" म्हणतात तेव्हा ती वाढवून सांगत नसतात.

आता डोंगराच्या लढाईकडं येऊ. अलीकडचं सगळ्यात मोठं उदाहरण सनबर्नचं. नाव ऐकलं असेल. इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा महोत्सव, वर्षअखेरीला भरतो. २००७ साली गोव्यात कांदोळीला सुरू झाला, मग वागातोरला गेला. २०१६ साली गोवा सोडून आपल्या महाराष्ट्रात आला, पुण्याजवळ केसनंदला. तिथं टेकडी, झाडं, खोदकाम यावरून तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आवाजाच्या अटी घालून कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी तो पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, बावधन-लवळ्याच्या डोंगराकडं आला. आपल्या नांदेड-लातूरची कितीतरी पोरं नोकरीसाठी त्याच बाजूला राहतात, त्यांना विचारा. निवांतपणासाठी तिथं घर घेतलेल्या लोकांनी विरोध केला, पुन्हा कोर्ट झालं. कार्यक्रम झालाच. नियम पाळू असं सांगून झाला.

२०१९ ला सनबर्न परत गोव्यात वागातोरला. २०२४ साली दक्षिण गोव्यात जाणार अशी बातमी आली, तर तिथल्या गावागावांनी ग्रामसभांमध्ये विरोधाचे ठराव घेतले. मग तो उत्तर गोव्यातच पेडणे तालुक्यात धारगळला गेला. तिथं आयुर्वेदाची अखिल भारतीय संस्था आणि तिचं रुग्णालय आहे, २०२२ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं होतं. स्थानिकांनी आंदोलन केलं, आमदारानं विरोध केला. पंचायतीत मात्र ५ विरुद्ध ४ अशी परवानगी मिळाली. लोक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले. २८ ते ३० डिसेंबरला महोत्सव पार पडला.

या सगळ्या प्रवासातून मला एक गोष्ट दिसली, आणि ही पोस्ट तेवढ्यासाठीच लिहितोय.

दक्षिण गोव्यातल्या गावांनी काय केलं? जागा ठरायच्या आधी ठराव घेतला. तिथं कार्यक्रम गेलाच नाही. केसनंद, लवळे, धारगळला लोक कमी पडले का? अजिबात नाही. रस्त्यावर उतरले, वकील लावले. पण तोवर जागा ठरली होती, परवानग्यांचे कागद फिरत होते, तिकिटं विकली जात होती. अशा वेळी कोर्टाच्या हातात बहुतेक वेळा अटी घालणंच उरतं. आधी बोललेल्याला 'नाही' म्हणता येतं. उशिरा बोललेल्याच्या पदरात 'दहा वाजेपर्यंत' पडतं.

आणि दुसरी गोष्ट. असा कार्यक्रम बंद होत नाही, सरकतो. एका गावानं हाकललं की पुढच्या गावाकडं जातो, जिथं विचारणारं कुणी नाही. आपल्याकडची लॉनं तशीच सरकतायत. शहरातल्या कॉलनीत तक्रारी वाढल्या, पार्किंगची बोंब झाली, की धंदा रिंगरोडवर जातो. रिंगरोडवर वस्ती झाली की टेकडीवर. "तिथं कोण राहतंय?" असं म्हणतात. तिथं पन्नास घरं राहतात ना.

काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, विकासाला विरोध करता का? थांबा. लॉनवाल्याची बाजूही मी ऐकली. त्याची जमीन मुरमाड, सोयाबीनला भाव नाही, कर्ज काढून लॉन टाकलंय. त्याच्यावर मंडपवाला, आचारी, वाढपी, लाइटवाला, फुलवाला अशी वीस-पंचवीस माणसं जगतात. ही पोरं आपलीच आहेत. म्हणून मी लॉन बंद करा म्हणत नाही. दहानंतर साउंड बंद ठेवून जेवणावळी होत नाहीत का? स्वयंपाकाला, अक्षतांना कुठं डेसिबल लागतात?

शांततेवरही पोट भरतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. माथेरान घ्या. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथं पोचला, १९०७ साली छोटी रेल्वे आली. गावात मोटारगाडीला बंदी. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रानं माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. महाबळेश्वर-पाचगणीला तो दर्जा त्याआधी, २००१ साली मिळाला. माथेरानला अडचणी नाहीत असं नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे हाल, ई-रिक्षाचा वाद, सगळं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण माणसं तिथं पैसे देऊन जातात ती हॉर्न ऐकू येत नाही म्हणूनच. तिथं शांतता हाच माल आहे.

आपल्याकडंही असा माल आहे. माहूरचा डोंगर आहे. चाकूर तालुक्यातलं वडवळचं नागनाथ बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी लांबून अभ्यासक येतात. उदगीरकडं देवर्जनजवळ हत्तीबेट आहे, रझाकारांविरुद्धच्या लढ्यात ते बेट लढणाऱ्या पोरांचा आसरा होतं. बालाघाटच्या रांगेत अशा कितीतरी टेकड्या आहेत ज्यांना कुठलाच दर्जा नाही, कुठलंच संरक्षण नाही. त्यांना फक्त ग्रामसभा आहे.

आणि लातूर-नांदेडला तर आणखी एक कारण आहे. आपली शहरं लेकरांच्या अभ्यासावर उभी आहेत. लातूर पॅटर्न म्हणून आपण राज्यभर मिरवतो. बाहेरगावची हजारो पोरं इथं खोल्या घेऊन नीट-जेईईचा अभ्यास करतात, नांदेडच्या क्लासेसलाही तेच. माझी स्वतःची मुलगी बारावीला होती तेव्हा डिसेंबर-जानेवारीत कानात कापूस घालून बसायची. मी रोज बातम्या लिहितो, पण त्या दोन महिन्यांत पोलीस ठाण्याला एकही फोन केला नाही. का? तर शेजारच्याचं लग्न, उद्या तोंड दाखवायचंय. हे माझंच पाप आहे, कबूल करतो.

तोंड दाखवायचं म्हणून गप्प बसणं हीच या प्रश्नाची खरी गाठ आहे. मोठ्या शहरात तक्रार करणारा अनोळखी असतो. आपल्याकडं ठाणे अंमलदार फोनवर नाव विचारतो आणि अर्ध्या तासात ते नाव लॉनवर पोचतं. यासाठी एक निकाल लक्षात ठेवा. मुंबईत कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं पोलिसांना सांगितलं, की आवाजाची तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख न विचारता, न उघड करता कारवाई करा. तो खटला प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांचा होता, पण भीती तीच आहे. तेव्हा ठाण्यात नाव विचारलं तर या निकालाची आठवण करून द्या.

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीप्रमाणं तीन गोष्टी.

एक, ग्रामसभेत विषय आधी घ्या. वर्षातल्या चार ग्रामसभा आपण सह्या करून उरकतो. टेकडीवर पहिला मुरूम पडायच्या आधी विचारा: जमीन एनए आहे का, ना-हरकत कुणी मागितली, कुणी दिली, आवाजाचं काय? ठराव लेखी घ्या आणि प्रत जवळ ठेवा.

दोन, लॉन आधीच झालं असेल तर भांडायच्या आधी बसा. मालक, साउंडवाले, वस्तीतले चार लोक. दहा वाजता बंद, स्पीकरचं तोंड वस्तीच्या विरुद्ध बाजूला, परीक्षांच्या दिवसांत आणखी लवकर बंद. बुकिंगच्या पावतीवरच हे छापा, म्हणजे वधूपिता ऐनवेळी वाद घालणार नाही.

तीन, ऐकलंच नाही तर कागद करा. तारीख, वेळ, जागा लिहून अर्ज द्या. कलेक्टर किंवा पोलीस उपअधीक्षक आणि त्यावरचे अधिकारी कारवाई करू शकतात. अर्जाची पोच घ्या. आवाज विरून जातो, पोच राहते.

परवा त्या आजोबांना फोन केला. म्हणाले, "येत्या ग्रामसभेत बोलणार हाय मी. तुमी येता का?"

मी हो म्हणालो. तुमच्या गावातल्या पुढच्या ग्रामसभेत तुम्हीही जा. लग्नाला जातो तसं, वेळेवर.