बाळमित्र : चार भाषांतून आलेला एक सोबती

१/ १८२८ साली मुंबईत मुलांसाठी एक मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव 'बाळमित्र', कर्ते सदाशिव काशीनाथ छत्रे. मराठीत हे नाव नवे होते. युरोपात मात्र ते अर्धशतकापासून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात होते. मुलांचे पुस्तक कोण वाचते आणि कोण नुसते ऐकते, या प्रश्नाचा इतिहास या नावाच्या प्रवासात दडलेला आहे.

२/ आरंभ जर्मनीत. लाइपझिग शहरात १७७५ पासून क्रिस्तियान फेलिक्स व्हाइसं यांचे एक साप्ताहिक निघू लागले. त्याच्या नावाचा अर्थ 'मुलांचा मित्र'. त्यात एक काल्पनिक कुटुंब होते. वडील, मुले आणि घरी येणारे स्नेही यांच्या संभाषणांतून गोष्टी, कोडी आणि माहिती उलगडत जाई.

३/ १७८२ मध्ये पॅरिसच्या आर्नो बेर्कँ यांनी त्याच नावाचे फ्रेंच नियतकालिक काढले आणि व्हाइसंच्या मजकुराचाही मुक्त उपयोग केला. गोष्टींबरोबर त्यात छोटी नाटुकली असत. ती घरातल्या घरात, थोरामोठ्यांनी मुलांसह करावीत, अशी योजना होती. पुस्तक मुलाच्या हाती देऊन मोठ्यांनी बाजूला व्हावे, ही कल्पनाच तेथे नव्हती.

४/ फ्रेंचमधून हे लेखन इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून छत्र्यांकडे आले. बेर्कँचे नाव मराठी संदर्भग्रंथांत 'बर्क्विन' असे आढळते. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, मराठी : चारही भाषांत शीर्षकाचा अर्थ एकच राहिला.

५/ मुंबईत मात्र त्याचे घर बदलले. १८२२ साली स्थापन झालेली शाळापुस्तक मंडळी नव्या शाळांसाठी मराठी पुस्तके तयार करवून घेत होती. छत्रे या मंडळीचे काम पाहत. १८२८ मध्येच त्यांची 'इसापनीतिकथा' आली. इसाप मराठीला अगदी अपरिचित नव्हता. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने त्याच्या नीतिकथा आधीच मराठीत उतरल्या होत्या.

६/ पॅरिसमध्ये दिवाणखान्यात वाचले जाणारे लेखन अशा रीतीने मराठीत शाळेच्या वाटेने आले. शीर्षकात 'मित्र' असला, तरी तो पंतोजींचा हात धरूनच मुलांसमोर उभा राहिला. खरे बोलावे, वडिलांचे ऐकावे, गरिबांवर दया करावी, हे सांगणे त्याचे काम. मराठी बालसाहित्यावर पुढे दीर्घकाळ राहिलेल्या उपदेशाच्या छायेचे एक कारण या जन्मस्थानात आहे.

७/ शाळेबाहेर पडून घरात शिरण्याचे काम मासिकांनी केले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' सुरू केले आणि १९१४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, चालवले. चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती असा बहुतांश मजकूर ते स्वतःच लिहीत. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' निघाले. या नावातच बदल दिसतो : बोधाच्या जागी आनंद आला.

८/ हा आनंद कोणाच्या वाट्याला आला? १९०१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांची साक्षरता एक टक्क्याहूनही कमी होती. मासिकाचा अंक घरी आला, तरी आई, आजी आणि बहुधा बहीणही तो स्वतः वाचू शकत नसे. ज्या घरी अंक मोठ्याने वाचला जाई, त्या घरी तो त्यांच्या कानी पडे. आणि बहुसंख्य घरांत ना अंक येत होता, ना वाचणारा कोणी होता.

९/ म्हणून सहवाचनाचे चित्र केवळ रम्य मानू नये. मोठ्याने वाचण्यात माया होती, तशीच टंचाईही होती : अंक एक, वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक. अक्षरांपासून दूर ठेवल्या गेलेल्यांना पुस्तकाची तेवढीच एक वाट मोकळी होती.

१०/ ऐकण्याच्या या सवयीचा सर्वांत समर्थ ग्रंथ तुरुंगात लिहिला गेला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारागृहात अवघ्या काही दिवसांत लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकरणांना 'प्रकरण' म्हटलेले नाही, 'रात्र' म्हटले आहे. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. एका बैठकीत एक रात्र वाचावी, अशी सोय रचनेतच आहे.

११/ स्वातंत्र्यानंतर जुने नाव पुन्हा दिसले. १९५१ मध्ये भा. रा. भागवतांनी 'बालमित्र' हे मासिक सुरू केले. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणणाऱ्या आणि पुढे फुरसुंगीच्या बनेश फेणेला 'फास्टर फेणे' करणाऱ्या या लेखकाने मित्राला पंतोजींच्या हातून सोडवले. हा मित्र चुका करतो, सायकल दामटतो, संकटात उडी घेतो. तात्पर्य सांगायला थांबत नाही.

१२/ १९७१ मध्ये 'बालभारती'ने 'किशोर' सुरू केले. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या संस्थेनेच पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन देऊ केले. १८२८ मध्ये शाळेने घरातला मित्र आपल्याकडे आणला होता. आता शाळेच्याच दारातून तो घरी परत निघाला.

१३/ तरीही या वारशाचा मोठा भाग हाती राहत नाही. मुलांची पुस्तके वापरून संपतात. पाने सुटतात, चित्रे कापली जातात, मुले मोठी झाली की गठ्ठे रद्दीत जातात. जे अंक सर्वाधिक आवडले, तेच सर्वाधिक फाटले. ग्रंथसंग्रहालयांतही बांधीव कादंबरीइतकी काळजी पातळ मासिकाच्या वाट्याला आली नाही. 'किशोर'चे जुने अंक 'बालभारती'ने संगणकीकृत करून विनामूल्य खुले केले, हे म्हणूनच मोलाचे आहे.

१४/ हे जुने अंक आज मुलांसमोर उघडताना अडचणी येतात. भाषा जड वाटते, मुली स्वयंपाकघरात आणि मुलगे अंगणात दिसतात, खेड्यातले व श्रमिकांचे मूल कडेला उभे असते. ती पाने गाळण्याचे कारण नाही. मोठ्याने वाचताना तेथे थांबता येते. 'ही मुलगी खेळायला का गेली नाही?' असा प्रश्न मुलाने विचारला, तर त्याचे उत्तर पुस्तकात नसते. ते वाचणाऱ्याने द्यायचे असते. मोठ्यांनी मुलांजवळ बसून वाचावे, ही बेर्कँची अपेक्षा अशा वेळी आजही उपयोगी पडते.

(समाप्त)