शरणपुराची वाट

नाशिकला शरणपूर रोड आहे. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर हे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे एक वस्ती वसवली होती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं त्या वस्तीत राहिली, शिकली, हाताला काम मिळवती झाली. शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर.

हा शब्द मराठी बायबलमध्येही भेटतो. जुन्या करारात आज्ञा आहे : ज्याच्या हातून नकळत माणूस मेला आणि सूड घेणारे ज्याच्या मागे लागले, त्याला आसरा देण्यासाठी काही नगरं राखून ठेवा. तिथवर जाणारी वाटही नीट ठेवा, म्हणजे पळणारा मध्येच गाठला जाणार नाही. मला त्या वाटेचं फार अप्रूप वाटतं. नुसतं दार उघडं असून भागत नाही, दारापर्यंतची वाटही कोणीतरी सांभाळावी लागते.

विसाव्या शतकात एका गावाने ही आज्ञा शब्दशः पाळली. फ्रान्सच्या डोंगरपठारावरचं ते गाव म्हणजे ल शांबों. वस्ती शेतकऱ्यांची, बहुतेक प्रोटेस्टंट. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने हिटलरच्या जर्मनीशी तहावर सही केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या दोन पाळकांनी मंडळीला सांगितलं, की शुभवर्तमानाच्या विरुद्ध जाणारी आज्ञा झाली तर ती मानायची नाही. मात्र विरोध करताना भीती नको, गर्व नको आणि द्वेषही नको. शस्त्रं वापरायची ती आत्म्याची.

व्यासपीठावरून असं बोलणं सोपं असतं. शिवाय सत्तेच्या हातातही बायबलचीच वचनं होती. सर्व अधिकार देवाकडून आलेले आहेत, असं पौलाने रोमकरांना लिहिलं होतं. आज्ञाधारकपणा शिकवायला जगभरचे राजे तेच पान उघडत आले. पण त्याच ग्रंथात यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभा असलेला पेत्र माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी मानतो. कोणतं पान उघडायचं, हे शेवटी वाचणाराच ठरवतो.

ल शांबोंच्या लोकांना ते ठरवणं तुलनेने सोपं गेलं, कारण छळाची आठवण त्यांच्या घराघरांत होती. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं होतं. मारी द्युराँ नावाच्या तरुणीला १७३० मध्ये एग-मोर्तच्या बुरुजात कोंडलं, ती सुटली १७६८ मध्ये. अडतीस वर्षं! त्या बुरुजातल्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला आहे. या लोकांना राजाज्ञा आणि सदसद्विवेक यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागला नाही.

जुलै १९४२ मध्ये फ्रेंच पोलिसांनी पॅरिसमध्ये तेरा हजारांवर ज्यू पकडले. त्यांत हजारो मुलं होती. पुढच्याच महिन्यात व्हिशी सरकारचा युवक खात्याचा मंत्री ल शांबोंला आला. स्वागतातच शाळेतल्या मोठ्या मुलांनी त्याच्या हाती पत्र ठेवलं : पॅरिसमध्ये घडलं ते आम्हाला कळलं आहे, आमच्यातही ज्यू आहेत, त्यांना न्यायला आलात तर आम्ही त्यांना लपवू. थोड्याच दिवसांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी त्रोक्मेंकडे ज्यूंची यादी मागितली, ती त्यांनी दिली नाही. पोलीस बरेच दिवस शोध घेत राहिले, पण हाती जवळजवळ कोणीच लागलं नाही. माणसं शेतघरांत आणि जंगलात पांगली होती.

हे सारं कष्टाचं काम होतं. जास्तीची पोळी भाजायची, गवताच्या माळ्यावर अंथरूण घालायचं, खोटी ओळखपत्रं आणि रेशनकार्डं तयार करायची, रात्री कोणाला तरी स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत पोचवायचं. अशा रीतीने त्या पठारावर किती जीव वाचले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ते काही हजारांच्या घरात जातात. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने गावाचा आणि आसपासच्या वस्त्यांचा गौरव केला.

किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी १९४३ मध्ये दोन्ही पाळकांना आणि एका शिक्षकाला अटक झाली. सरकारचे हुकूम पाळू असं लिहून द्या आणि सुटा, असं त्यांना सांगण्यात आलं. पाळकांनी सही नाकारली. पुढे त्यांना सोडलं ते सहीशिवायच. त्रोक्मेंचा नातलग दानिएल एका वसतिगृहाचा प्रमुख होता. जून १९४३ मध्ये जर्मनांनी त्याच्याकडच्या मुलांना पकडलं, तेव्हा त्यालाही नेलं. १९४४ मध्ये माइदानेकच्या छावणीत तो मेला.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू कोणाला धन्य म्हणतो? शांतीचं नुसतं कौतुक करणाऱ्यांना नव्हे, ती करणाऱ्यांना. कवितेचा माणूस असल्यामुळे माझं लक्ष क्रियापदाकडे जातं. आपण मराठीत ‘शांतता राखा’ म्हणतो. दवाखान्यात आणि कचेरीत तशी पाटीच असते, आणि तिचा अर्थ ‘गप्प बसा’ एवढाच असतो. भेटल्याबरोबर आम्ही ‘सलाम’ म्हणतो, त्याचाही अर्थ शांतीच. दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. तिच्यासाठी करतो काय, हा प्रश्न मलाही चुकत नाही.

दंगलीनंतरच्या शांतता समित्यांमध्ये मी बसलो आहे. चहा होतो, फोटो निघतो, सलोख्याचं आवाहन छापून येतं. त्या रात्री कोणी कोणाला घरात घेतलं, हे तिथे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारलं तर माझ्या घराबद्दलही कोणी विचारील, अशी भीती असावी. पुढची बैठक होऊ नये, अशीच माझी प्रार्थना आहे. झालीच, तर मी बोलायला उठेन तेव्हा आधी ते विचारेन. आणि उत्तराची सुरुवात माझ्या घरापासून करीन.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)