दोन वर्षांचा भूगोल

माझी नात एम. ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत सगळे जमलो होतो, तेव्हा घरातल्या एकाने विचारलंच, "दोन वर्षं भूगोल शिकून पुढे काय गं?" पोरगी गप्प बसली. मीही काही बोललो नाही. पण प्रश्न ओळखीचा होता. पन्नासेक वर्षांपूर्वी तो मलाही विचारला गेला होता. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसलो.

थोडा मागचा इतिहास सांगतो. आमचा बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पुढचं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. मातृभाषा मराठी असलेल्या पोराने आधी भाषा शिकायची, मग विषय. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय काढलं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि १९६० साली बीडमध्ये बलभीम महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना पदवीचा दरवाजा दिसला. माझे वडील चौथी शिकलेले. मी १९७१ साली मराठी माध्यमातून बी. ए. झालो, त्यात भूगोल होता.

त्या तीन वर्षांतली एकच दुपार मला लख्ख आठवते. सरांनी भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे टेबलावर पसरले. आम्ही आपला जिल्हा शोधायला लागलो, तर तो एका कागदावर मावेचना! आष्टी आणि बीड ४७ एन वर, गेवराई ४७ एम वर, माजलगाव ५६ ए वर, अंबाजोगाई आणि परळी ५६ बी वर. ७६ अंश पूर्व रेखावृत्त आणि १९ अंश उत्तर अक्षवृत्त एकमेकांना छेदतात ते आमच्याच जिल्ह्यात, वडवणीच्या आसपास. त्यामुळे चार कागद जोडले तेव्हा जिल्हा जवळजवळ पुरा झाला.

मग सरांनी समोच्च रेषा वाचायला शिकवल्या. पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरावर बोट ठेवून म्हणाले, "इथं पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल?" उत्तरेच्या उतारावरचं बिंदुसरेतून सिंदफणेला आणि सिंदफणेतून गोदावरीला. दक्षिणेच्या अंगाचं मांजरेला. ती पार लातूर, बिदर, निजामसागर करत शेवटी कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. एकाच डोंगरावरचे दोन थेंब, एक चार दिवसांत पोचेल, दुसरा तीन राज्यं फिरून. मी वर्गात बसल्याबसल्या चकित झालो होतो. ज्या डोंगरावर आम्ही गुरं चारली, तो असा असतो हे तोवर ठाऊक नव्हतं.

नोकरी शोधत असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. नवीन मंडळींना काय सांगावं... अमेरिकेचा तांबडा मिलो, पोरांना सुकडी, आणि बायाबापड्या खडी फोडायला. आमच्या गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं. मला हजेरी लिहायचं काम मिळालं. आखणी झाली त्या दिवशी टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. एक म्हातारे शेतकरी काठी टेकत आले आणि म्हणाले, "मास्तर, हिरी तर वरच्या अंगाला हायेत. पाणी खाली मुरंल, आमाला काय?" (तेव्हा मी मास्तर नव्हतो, पण शिकलेल्याला तसंच म्हणायची रीत.) मला समोच्च रेषा येत होत्या. नुसत्या डोळ्यांनीही उतार दिसत होता. पण ज्यांच्या हातात काम होतं त्यांच्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही. वाटलं, आपण साधे बी. ए., आपल्याला काय कळतं? तलाव झाला, लोकांना मजुरी मिळाली, पोटं भरली, हे खरंच. पण गावाच्या विहिरी पुढेही उन्हाळ्यात कोरड्याच पडत राहिल्या.

त्यानंतर मनाने घेतलं की भूगोलात एम. ए. करायचं. १९७३ साली शाळेत लागलो आणि चौकशी केली. खिडकीतून उत्तर आलं, "भूगोलाला प्रात्यक्षिकं असतात, बाहेरून परीक्षेला बसता येत नाही. मराठी घ्या, इतिहास घ्या." दोन वर्षं शहरात राहायचं म्हणजे पगार सोडायचा, आणि घरी खाणारी तोंडं सात. वडील म्हणाले, "भूगोल शिकून करणार काय?" विषय तिथेच संपला. बी. ए. वरच मी निवृत्त होईपर्यंत मुलांना भूगोल शिकवला. दर वर्षी चार कागदांची गोष्ट मात्र सांगायचो.

आता काळ पुष्कळ बदलला. नातीला गाव सोडून जावं लागलं नाही, जिल्ह्यातच एम. ए. करते. नकाशे तिच्या लॅपटॉपवर असतात, ४७ आणि ५६ जोडायला चिकटपट्टी लागत नाही. २०२५ च्या १७ सप्टेंबरला तर बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही सुरू झाली!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आमचं गाव पडद्यावर दाखवायला सांगितलं. तिने उंचसखलपणा रंगांत उभा केला. तलाव निळा, विहिरी वरच्या बाजूला पिवळ्या पट्ट्यात. ती लगेच म्हणाली, "आजोबा, हा तलाव चुकीच्या जागी आहे का हो?"

तिला ते सांगायला अर्धा मिनिटही लागला नाही. आणि ती न घाबरता बोलली. तिला म्हातारबाबांची आणि टेपची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती, हिच्या आजीलाही नाही. दोन वर्षं भूगोल शिकून काय, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

पुढच्या महिन्यात ती प्रकल्पासाठी गावच्या विहिरींची पातळी मोजायला येणार आहे. टेपचं दुसरं टोक धरायला मी जाईन म्हणतो. गुडघे काय म्हणतात ते बघू.