गवतावरची पहिली फेरी

खेळाच्या इतिहासात नाव राहतं ते कप उचलणाऱ्याचं. आज आपण मुंबईच्या अशा एका मुलीविषयी बोलणार आहोत, जिनं विम्बल्डनचा कप उचलला नाही. तिथं तिनं एकेरीचा एकच सामना जिंकला. पण तो जिंकल्यामुळे ती विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. साल १९३४. मुलीचं नाव लीला राव.

एका सामन्याचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. त्यासाठी ही स्पर्धा आधी समजून घेऊ.

विम्बल्डन हा इंग्लंडमध्ये लंडन शहराचा एक भाग. तिथं १८७७ मध्ये टेनिसची स्पर्धा सुरू झाली, ती फक्त पुरुषांसाठी. बायकांना तिथं उतरायला आणखी सात वर्षं लागली. १८८४ मध्ये १३ जणींनी नावं दिली. शेवटचा सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला आणि धाकट्या मॉड वॉटसननं थोरल्या लिलियनला हरवलं. त्या काळी घोट्यापर्यंतचा घोळदार झगा घालूनच खेळावं लागे. आपल्याकडे नऊवारीत वावरात राबणाऱ्या बाईला त्यात काय अडचण असते ते वेगळं सांगायला नको. पुढे १८८७ मध्ये लॉटी डॉड नावाच्या १५ वर्षांच्या मुलीनं ही स्पर्धा जिंकली. १९१९ मध्ये फ्रान्सची सुझान लेंग्लेन आखूड बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा झगा घालून उतरली. लोकांनी नाकं मुरडली, पण जिंकली तीच.

विम्बल्डनचं मैदान हिरव्या गवताचं असतं. गवत कापून ८ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. टेनिस मातीवर खेळतात, सिमेंटवर खेळतात. आपल्या देशात तर शेणानं सारवलेल्या मैदानावरही खेळत. सारवलेल्या अंगणात चेंडू टाकला तर तो वर उसळतो. गवतावर तो फार उसळत नाही, घसरून खालूनच निघून जातो. विचार करायला वेळ मिळत नाही. त्यातून स्पर्धेच्या पहिल्या दिवसांत गवत ताजं आणि ओलसर असतं, पाय सरकतात. वर्षातून गवतावरचे आठवडेही थोडेच. मातीवर महिनोन्‌महिने जिंकत आलेली मोठी खेळाडू तिथं आली की तिचे अंदाज चुकू शकतात. नवख्या मुलीला तेवढी फट पुरते.

आता सामन्यांचा हिशोब. आज महिलांच्या एकेरीत १२८ जणी उतरतात. हरली ती बाहेर, दुसरी संधी नाही. पहिल्या फेरीनंतर ६४ उरतात, मग ३२, असं करत सात सामने जिंकणारी कप नेते. नामवंत खेळाडूंना आधीच क्रमांक देतात, त्याला मानांकन म्हणतात. मोठ्या खेळाडू सुरुवातीलाच एकमेकींना भिडू नयेत म्हणून त्यांना लांब लांब ठेवतात. त्यामुळे होतं असं की नवख्या मुलीच्या वाट्याला पहिल्याच दिवशी एखादी नामवंत येऊ शकते.

आणि तिथंच उलथापालथ होते. १९९४ मध्ये आदल्या वर्षीची विजेती स्टेफी ग्राफ पहिल्याच फेरीत लॉरी मॅकनीलकडून हरली. १९९९ मध्ये मार्टिना हिंगिस जगात पहिल्या क्रमांकावर होती. तिला १६ वर्षांच्या येलेना डोकिचनं पहिल्या फेरीत ६–२, ६–० असं हरवलं. २०१९ मध्ये १५ वर्षांच्या कोको गॉफनं पाच वेळा विम्बल्डन जिंकलेल्या व्हीनस विल्यम्सला घरी पाठवलं. डोकिच आणि गॉफ या दोघींना तर मुख्य स्पर्धेत येण्याआधी पात्रतेचे सामने जिंकावे लागले होते. मोठं नाव बघून त्यांनी हात आखडला नाही, एवढंच.

आता लीलाकडे येऊ. तिचा जन्म १९११ चा. विम्बल्डनला उतरली तेव्हा २२ वर्षांची होती. देशावर इंग्रजांचं राज्य, प्रवास बोटीचा, आणि समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीला ४–६ असा हरली. दुसऱ्या सेटमध्ये दोघींची बरोबरी होत राहिली. आज अशा वेळी टायब्रेक घेऊन सेट संपवतात, पण विम्बल्डनला ती पद्धत आली १९७१ मध्ये. तोवर दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळतच राहायचं. तो सेट लीलानं १०–८ असा ओढून नेला. तिसरा ६–२ असा सहज घेतला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडॅमॉफनं तिला तीन सेटमध्ये हरवलं. पुढच्या वर्षी लीला पुन्हा गेली आणि पहिल्या फेरीतच हरली. विम्बल्डनच्या एकेरीतली तिची कमाई ती एवढीच, एक सामना.

पण हा सामना तिथवर पोचला कसा? त्याचं मूळ तिच्या आईत आहे.

आईचं नाव क्षमाबाई राव. जन्म १८९० चा, पुण्याचा. वडील शंकर पांडुरंग पंडित मोठे विद्वान. आपल्या तुकोबांच्या अभंगांची गाथा जुन्या पोथ्या ताडून छापली गेली, ते काम करणाऱ्यांत ते होते. पण क्षमाबाई लहान असतानाच वडील गेले. बापाविना वाढलेली ही पोर संस्कृत शिकली. पुढे मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झालं. संसार सांभाळून त्या संस्कृतात लिहू लागल्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य लिहिलं. ते १९३२ मध्ये छापलं गेलं पॅरिसला. आणि ज्या तुकोबांची गाथा वडिलांनी छापली, त्यांचं चरित्रही लेकीनं संस्कृतात लिहिलं.

या क्षमाबाई टेनिस खेळत, आणि चांगलं खेळत. लेकीच्या हाती रॅकेट आली ती अशा घरात. पोथी वाचणारी बाई मैदानात धावू शकते, यात त्या घराला वावगं वाटत नव्हतं. पुढे लीलानंही आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं लिहिली आणि नृत्यावर पुस्तकं लिहिली. तिचं लग्न हरिश्वर दयाळ यांच्याशी झालं. ते नंतर नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते.

इथं एक गोष्ट सरळ बोलायला हवी. राव यांचं घर डॉक्टरचं होतं, शहरातलं होतं. त्या घराला रॅकेट परवडत होती, बोटीचं तिकीट परवडत होतं. त्या काळी विम्बल्डनला बक्षिसाची रक्कमही नसे. म्हणजे ज्याच्या घरी आहे त्यानंच खेळावं, असा तो मामला होता. १९६८ पासून तिथं पैसे मिळू लागले. बायकांना पुरुषांइतकी रक्कम मिळायला तर २००७ साल उजाडलं. म्हणून लीलाचं कौतुक करताना आम्हाला त्या असंख्य पोरीही आठवतात, ज्यांच्या अंगात चपळाई होती पण ज्यांना मैदानाच्या कडेलाही कुणी उभं केलं नाही.

आपल्या वऱ्हाडात त्या काळी खेळ नव्हता असं मुळीच नाही. शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं कबड्डी आणि आपले देशी खेळ जगाला दाखवले. लीलाच्या सामन्यानंतर दोनच वर्षांनी. कस आपल्या मातीतही होता. प्रश्न होता तो कुणाला बाहेर पडू दिलं जातं याचा.

वाट एकदा पडली की पुढची पावलं येतात, पण किती सावकाश ते बघा. २००५ मध्ये सानिया मिर्झानं विम्बल्डनला एकेरीची पहिली फेरी जिंकली, तेव्हा लीलाच्या विजयाला ७१ वर्षं झाली होती. आपल्या महाराष्ट्राची, श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले हिनं २०२३ मध्ये चीनमधल्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक आणलं.

आता आपल्या गावाकडे बघू. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कोण असतं? पोरं क्रिकेट खेळतात. पोरगी तेव्हा पाणी भरते, चूल पेटवते, लहान भावाला सांभाळते. तिला टेनिसची रॅकेट कुणी द्यावी असं आम्ही म्हणत नाही. खो-खोला, कबड्डीला पैसा लागत नाही. लागतो तो दिवसातला एक तास, आणि वय वाढलं म्हणून तो तास काढून न घेणारं घर.

क्षमाबाईंनी लीलाला कप दिला नव्हता. आई खेळते हे लेकीनं पाहिलं, म्हणून तिला खेळणं आपलं वाटलं. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोबाची वही मिटली की एवढं विचारा, की आपल्यातल्या किती जणींच्या लेकी सातवीनंतरही मैदानावर जातात. ज्या जात नाहीत त्यांची नावं लिहा, आणि कुणाच्या घरी कोणी बोलायला जायचं तेही त्याच बैठकीत ठरवा.