शुभ्र टेकड्या आणि राखणारे हात

स्पेन देशाच्या दक्षिणेस अंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तेथे आर्कोस, ग्राझालेमा, सेतेनिल अशी काही गावे डोंगराच्या उतारावर वसलेली आहेत. भूमध्यसागराकडील प्रखर उन्हात त्यांच्या चुन्याने धवळलेल्या भिंती इतक्या तळपतात की, दुरून पाहणाऱ्यास डोंगरावर कोणी धुतवस्त्रे वाळत घातली आहेत असा भास व्हावा. ही गावे पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात आणि त्यांच्या सौंदर्याचे वर्णन करतात. परंतु ती पांढरी का आहेत, आणि पांढरी कोणाच्या हाताने राहिली, हा प्रश्न त्यांतील थोडेच विचारतात. आमच्या देवस्थानांशी नाते सांगणाऱ्या वाचकांनी मात्र तो अवश्य विचारावा. कारण त्याचे उत्तर शोधता शोधता आपण भोपाळजवळच्या टेकड्यांवर आणि तेथून अंत्रुज महालातील आपल्या देवळांच्या अंगणात येऊन पोहोचतो.

प्रथम चुन्याचाच विचार करू. चुनखडी किंवा समुद्रातील शिंपले भट्टीत भाजले म्हणजे कळीचा चुना होतो. त्यात पाणी घालून तो विझवतात, मुरवतात आणि पातळ करून भिंतीस देतात. भिंतीवर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगडाच्याच जातीचा होतो. म्हणजे सफेदीचा प्रत्येक हात हा दगडाचा एक पातळ पापुद्राच होय. हा पापुद्रा ऊन परतवतो, कीड मारतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. परंतु पावसाने तो झिजतो, म्हणून वरचेवर नवा हात द्यावा लागतो. शुभ्रता ही एकदा मिळवून ठेवण्याची संपत्ती नव्हे. ती दरवर्षी नव्याने कमवावी लागते.

आता भोपाळकडे वळू. भोपाळच्या ईशान्येस सुमारे ४५ किलोमीटरवर सांचीची टेकडी आहे. तिच्या आसपास विदिशेच्या परिसरात सातधारा, सोनारी, अंधेर अशा टेकड्यांवरही स्तूप आहेत. कनिंगहॅम यांनी १८५४ साली या सर्वांवर मिळून एक ग्रंथ लिहिला. सांचीचा मुख्य स्तूप अशोकाच्या काळी विटांचा होता. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढून तो जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्या दगडावर गिलावा होता. आज आपणास तेथे तपकिरी दगड दिसतो. पण दोन सहस्र वर्षांपूर्वी विदिशेच्या बाजारातून वर पाहणाऱ्यास क्षितिजावर उजळ घुमटांची एक मालिकाच दिसत असली पाहिजे.

हे वैभव एकट्या राजाचे नव्हते. कठड्यांवर आणि फरशांवर शेकडो दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्षू आणि भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, गृहिणी आहेत; उज्जयिनीच्या रहिवाशांची नावे तर वारंवार येतात. दक्षिण तोरणाच्या एका भागावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी आपले काम नोंदवले आहे. त्याच तोरणाच्या एका तुळईवर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे. सातवाहनांचे नाव वाचले की महाराष्ट्रीय वाचकास आपल्या घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटावे.

मग ही शुभ्रता गेली कोठे? सांचीवर कोणी आक्रमक सैन्य घेऊन आला आणि त्याने सर्व जमीनदोस्त केले, असा इतिहास नाही. बाराव्या शतकापर्यंत तेथे बांधकाम होत होते. त्यानंतर वस्ती विरळ झाली, दाते संपले, हात थांबले. पावसाने गिलावा धुऊन नेला आणि झाडोऱ्याने टेकडी झाकली. १८१८ साली जनरल टेलर यांनी ते स्थान पाहिले, तेव्हा मुख्य स्तूप बराच शाबूत होता. खरी मोडतोड त्यानंतर, कुतूहलाने व ठेव्याच्या लोभाने खणणाऱ्यांनी केली. १९१२ ते १९१९ या काळात मार्शल यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्या कामास भोपाळच्या नवाब सुलतान जहान बेगम यांनी द्रव्यसाह्य दिले. मुसलमान राणीने बौद्ध स्तूपासाठी आपला खजिना उघडला, ही गोष्ट भोपाळास भूषणावह आहे. सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अवशेष विलायतेहून परत येऊन १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात स्थापन झाले.

सांचीहून विदिशा अगदी जवळ आहे. तेथे बेसनगरास एक दगडी स्तंभ उभा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या यवन राजाचा वकील हेलिओदोर हा राजा भागभद्राच्या दरबारी आला आणि त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. ज्या भूमध्यसागराकडील गावांपासून आपण आरंभ केला, त्या सागराकाठच्या वंशाचा व भाषेचा एक मनुष्य येथे स्वतःस भागवत म्हणवून घेतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे कित्येक शतके लोक त्या स्तंभास ‘खांबबाबा’ म्हणून पूजत राहिले. कनिंगहॅम यांनी १८७७ साली तो पाहिला, पण शेंदराच्या जाड थराखालचा लेख त्यांना दिसला नाही. तो विसाव्या शतकाच्या आरंभी उघड झाला. ज्या शेंदराने अक्षरे झाकली, त्याच शेंदराच्या श्रद्धेने स्तंभ उभा ठेवला. १९१३ नंतर देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तेथे उत्खनन केले आणि १९६० नंतरच्या दशकात वासुदेवाच्या प्राचीन देवळाचा पायाही सापडला.

सांची ही हात थांबल्याची कथा झाली. आता हात उचलले गेल्याच्या दोन कथा पाहू. त्या एकाच दशकातील आहेत. १५६० ते १५६७ या काळात साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. नदीपलीकडील अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता. टेकड्यांच्या कुशीतील त्या गावांत आधी साधे छप्पर उभे राहिले, आणि शाहू छत्रपतींच्या काळात नारो राम मंत्री यांच्यासारख्यांच्या साह्याने आजची मोठी देवळे व पांढऱ्या दीपमाळा झाल्या.

त्याच सुमारास, १५६८ ते १५७१ या वर्षांत, ग्रानादाच्या डोंगराळ मुलखातील मूर वंशाच्या प्रजेने बंड केले. दुसऱ्या फिलिप राजाने ते मोडले आणि त्या लोकांस त्यांच्या गावांतून उठवून स्पेनभर विखुरले. १६०९ ते १६१४ या काळात त्यांच्या वंशजांस देशाबाहेरच घालवण्यात आले. आल्पुखारा डोंगरातील रिकाम्या घरांत उत्तरेकडून आणलेले वसाहतवाले राहू लागले. सपाट गच्च्यांची ती घरे आजही आहेत आणि प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात. हाच फिलिप १५८० साली पोर्तुगालचाही राजा झाला; म्हणजे गोव्याचेही राज्य त्याच्याच हाती आले.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्या. तेथे भिंती उरल्या आणि माणसे गेली. नव्या माणसांनी त्या भिंतींस चुना दिला, म्हणून गावे शुभ्र राहिली. येथे भिंती गेल्या, पण माणसांनी देव उचलून नेला. नव्या जागी नवी भिंत घालून तिला चुना दिला, म्हणून कुळांचे नाते तुटले नाही. भिंत टिकणे आणि समाज टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. सांचीसारख्या स्थळास १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक कायदा लागू आहे. तेथे कोणी श्रद्धेनेही भिंतीस रंग फासून ती विद्रूप केली तर तो अपराध होतो, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गोव्यातील महाजनांच्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या देवस्थानविषयक नियमनाप्रमाणे चालतो. पण एखादी वास्तू संरक्षित म्हणून जाहीर झालेली नसेल, तर तिच्या भिंतीस चुना द्यावा की तैलरंग, जुना गिलावा राखावा की खरवडून संगमरवर बसवावा, याचा निर्णय प्रायः महाजनांच्या विवेकावरच येऊन पडतो. स्मारकाचा राखणदार सरकार आहे. नांदत्या देवळाचा राखणदार आपण आहोत.

हा विवेक आज कसोटीस लागला आहे. जांभ्या दगडाच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा व चकचकीत रंग चढवला की भिंतीतील ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. चुना हे दारिद्र्याचे लक्षण मानून आपण तो सोडतो आणि पुन्हा दुरुस्तीचाच खर्च वाढवून घेतो. अंदालुसियातील मोरोन या गावी पारंपरिक चुनाभट्टीचा व्यवसाय बुडत चालला होता. तेथील लोकांनी तो सावरला, नव्या पिढीस शिकवला आणि २०११ साली युनेस्कोने त्या प्रयत्नाची आदर्श म्हणून नोंद घेतली. जे त्यांना साधले ते आपल्या भट्ट्यांना व गवंड्यांना का साधू नये?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक देवस्थान समितीने जीर्णोद्धारापूर्वी भिंतींची व लेखांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. घाणीचा चुना जाणणारा एखादा जुना गवंडी असेल तर त्याच्या हाताखाली दोन तरुण शिकवावेत. आणि जत्रेपूर्वी सफेदी झाली म्हणजे चुना कोणी दिला, हात कोणी फिरवला, याची नावानिशी नोंद देवस्थानच्या वहीत करावी. त्या वहीत महाजनांच्या नावाशेजारी गवंड्याचेही नाव असावे. सांचीच्या कठड्यांवर गृहिणीचे आणि कारागिराचे नाव दगडात कोरण्याइतके मोलाचे मानले गेले, म्हणूनच तेथील गिलावा गेल्यावरही ती माणसे आपणास ओळखीची वाटतात.